सुपारीच्या वरातीचे डोळे

कार्ल्याच्या मुमताजइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. लग्नाच्या रुखवतात मांडायला आम्ही दोघी मिळून सुपारीची वरात करायचो. फेटे, नऊवाऱ्या मी शिवायची, चेहरे ती रंगवायची. काडीचं टोक तासून, श्वास रोखून ती डोळे काढायची. एखादी सुपारी रुसलेली आत्या वाटायची, एखादी पंगतीची घाई झालेला मामा. मनासारखं झालं नाही तर पुसून टाकायची, मग तिकडे वऱ्हाड खोळंबलं तरी बेहत्तर.

रुखवत नवरीनेच केलं असं सांगायची रीत. त्यामुळे आमचं नाव कुणी घेतलं नाही. मांडवात मागे उभं राहून नवरीचं कौतुक ऐकायचं आणि एकमेकींना कोपर मारून हसायचं. मुमताजला तेवढं पुरायचं. मला पुरत नव्हतं, हे सत्तरी उलटल्यावर कळलं.

दोन वर्षांपासून मुमताज विसरते. नातीला, अल्फियाला, कधी कधी बहीण समजते. मला मात्र ओळखते. यंदा लोणावळ्यात महिला मंडळाने जुन्या रुखवताचं प्रदर्शन भरवलं. माझ्याकडे उरलेली एक वरात मी नेली, मुमताजलाही रिक्षाने आणलं. ती वाकून वाकून बघत होती.

"डोळं कुनी काढलं गं, शुभे? आत्ता बोलतील बघ."

मंडळाच्या बाई वही घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "मीच."

पहिली टाळी मुमताजने वाजवली. वरातीपुढे माझ्या नावाची चिठ्ठी लागली आणि मी ती लागू दिली.

आठ दिवस लाज वाटत होती; त्याहून जास्त लाज याची, की ती चिठ्ठी मला आवडली होती. शेवटी मंडळात जाऊन नाव बदलून घेतलं आणि कार्ला गाठलं. मुमताज दारात तांदूळ निवडत बसली होती. ते डोळे तुझे आहेत, मी चोरले, असं मी सरळ सांगितलं.

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "मी आजारी हाय म्हनून मन राखतीस व्हय? असलं डोळं मला कुटं जमायचं. तुझं काम तुझ्याच नावावर राहू दे."

मी पुन्हा सांगितलं. ती हसली. चहा घेऊन आलेल्या अल्फियाला तिने मला सलाम करायला लावलं. म्हणाली, "लय मोठी कलाकार हाय ही."

अल्फियाने सगळं ऐकलं होतं. तिने चहा माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.