हिलालचा हातमोजा

मी पायदळात हवालदार होतो. सध्या धुळ्यात कचेरीसमोर अर्ज लिहून देतो. काही वकीलसुद्धा आपला मसुदा माझ्या नजरेखालून घालतात, त्यामुळे अनावश्यक शब्द माझ्या लेखणीतून उतरत नाही. पुढील हकीकत नागरिकांच्या माहितीसाठी लिहीत आहे.

आमची पोस्ट उत्तर सीमेवर, बारमाही बर्फात होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारासह मोर्चात सज्ज राहणे, नंतर हत्यारांची सफाई, बर्फ वितळवून पाणी करणे, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक हिलाल हा पारोळा तालुक्यातील जवान होता. अंगाने दणकट, दोर बांधण्यात त्याचा हात धरणारा कंपनीत कोणी नव्हता. तंबाखू मात्र त्याला सतत लागे. हातमोजा घालून ती मळता येत नाही. उघडा तळहात, चुना आणि अंगठ्याचा जोर लागतो. म्हणून तो हातमोजे काढून काखेत धरी. मी रागावलो की म्हणे, "भाऊ, हाई तोंडमा नही ते मनं डोकं चालत नही."

मेडिकल ऑफिसर कॅप्टनसाहेबांनी पोस्टवर येऊन समजावले होते. निकोटिन मेंदूला समाधानाची खोटी खबर देते. पुढे मेंदू त्या खबरीवाचून काम करेनासा होतो. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि माणसाला वाटते तंबाखूनेच डोके चालते. शिवाय ते हृदय पळवते, रक्तवाहिन्या आवळते, बोटांच्या टोकांना रक्त कमी पडते. जागरणाच्या गोळ्यांबद्दलही त्यांनी बजावले: थकवा जात नाही, फक्त थकव्याचा रिपोर्ट दाबला जातो. हिलालने मागून विचारले, "साहेब, मग चहाबी बंद का?" बंकर हसला. साहेब हसले नाहीत.

त्या दिवशी पेट्रोल परतत असताना मी डोंगराच्या धारेवर हॉल्ट दिला. हिलालने सवयीप्रमाणे मळायला घेतली. वाऱ्याचा झोत आला, काखेतला उजवा हातमोजा निसटला आणि दरीत गेला. जादा जोडी पोस्टवर होती. मी त्याचा हात माझ्या कोटात घेतला आणि तसेच चालत निघालो. पोस्टवर पोचेपर्यंत हिमदंशाने बोटे पांढरी, लाकडासारखी झाली होती.

मी वायरलेसवर कळवले, "कॅज्युअल्टी वन. फ्रॉस्टबाइट. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

उत्तर आले, "वेदर क्लोज्ड. वाट पाहा. ओव्हर."

नर्सिंग असिस्टंटने बोटे कोमट पाण्यात धरली. हिलालच्या गालात तेव्हाही तंबाखू होती.

"थुंक. बोटं हवीत की तंबाखू?" मी विचारले.

"दोन्ही," हिलाल म्हणाला.

तो थुंकला. थोड्या वेळाने त्याने शेजारच्या जवानाला डाव्या हाताने पुडी दिली आणि मळून मागितली. मी पुडी काढून घेतली. त्यावरून त्याने मला जी शिवी दिली, ती येथे नमूद करीत नाही. असे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आले. उजव्या हाताचा फक्त अंगठा राहिला. हिलाल पेन्शनीवर घरी आला.

मी निवृत्त झाल्यावर त्याला भेटायला गेलो. ओट्यावर त्याची बायको सिंधू तंबाखू मळत होती. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचे सांगितले आहे, असे ती म्हणाली. मग मळून का देतेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "नही देवं ते दिनभर जेवत नही, पोऱ्यास्वर हात उचलस. मंग रडस." हिलाल खाली पाहत होता. पुढच्या हिवाळ्यात तो शेताच्या बांधावर बसल्या जागी गेला.

यंदा माजी सैनिकांच्या मेळाव्यात शहिदांची नावे वाचली गेली. हिलालचे नाव यादीत नव्हते. नियमाने ते बरोबरही आहे. शेवटचे नाव झाल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लान्स नायक हिलाल, तालुका पारोळा."

कोणी हरकत घेतली नाही. अध्यक्षांनी टोपी काढली आणि दोन मिनिटांची शांतता सुरू झाली.