पेटीचा गांधार

वडिलांनी ग्वाल्हेरात चाळीस वर्षे गवयांना पेटीची साथ केली. दिवसा सरकारी दप्तर, संध्याकाळी बैठका. घरी आले की तक्रार एकच: "गवई गांधार खरा लावतो आणि मी त्याच्या मागे चढा वाजवतो." पेटीचे सूर बांधलेले असतात, त्याला इलाज नव्हता.

वृत्तपत्रातून निवृत्त झाल्यावर मी डिजिटल पियानो घेतला. शिकता शिकता चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी रचनांकडे वळलो. त्या काळी तारा छेडणाऱ्या लहान वाद्यासाठी लिहिलेल्या, बहुतेक नाचाच्या चाली. पेडल लागत नाही, बोटे फार ताणावी लागत नाहीत. त्या रचना ज्या जुन्या स्वरमेळात, म्हणजे सूर लावण्याच्या पद्धतीत, वाजत, तो याच पियानोत बटणावर मिळतो, हे माहितीपुस्तिकेत वाचले. मेळ बदलून षड्ज आणि गांधार एकत्र दाबले. दोन सुरांमधली नेहमीची थरथर नव्हती, गांधार खरा लागला होता. काही स्वरजोड्या या मेळात कानाला टोचतात, पण त्या रचना तिकडे फारशा जात नाहीत.

वडील तेव्हा शहाऐंशीचे होते. डावा कान गेलेला, उजव्यात यंत्र. दुपारी त्यांना शेजारी बसवून एक संथ चाल वाजवली.

"नाना, गांधार ऐका. खरा आहे."

"काय?"

"गांधार!"

"टकटक येतेय. टाइपरायटर घेतलास का?"

बायको म्हणाली, "अहो, आवाज बढवा ना." वाढवला. यंत्र शिटी मारू लागले. त्यांनी ते काढून खिशात टाकले आणि पेटीवर ठेवत तसा तळवा पियानोवर ठेवला. मी पुन्हा पहिल्यापासून वाजवले. हाताला पट्ट्यांचे ठोकेच लागत असावेत.

मी कागदावर लिहिले: गांधार खरा आहे.

त्यांनी चष्मा लावून वाचले. "पेटीचा गांधार खरा नसतो. अखबारवाल्याला काय कळणार! खामखा लिहून देतोय."

ते उठून आपल्या खोलीत गेले.

याला दोन वर्षे झाली. आता उजवा कानही गेला आहे. मेळ मी बदललेला नाही, रोज तासभर वाजवतो. गांधार बरोबर लागतो की नाही, हे सांगू शकणारा माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असतो. दार उघडेच असते.