पंपाचा ठोका

हंबीरराव घोरपड्यांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. चामराजपेटेतल्या घरी ते चहासुद्धा फेऱ्या मारत पीत. कॉलेजच्या फिजिक्स विभागात एकतीस वर्षं मेकॅनिक. एखादं यंत्र बिनसलं की त्यांच्या हातांना चैन पडत नसे, आणि सगळी यंत्रं नीट चालत असली तरी पडत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात नीरजाचं पाणी शिरलं. नीरजा पुण्याची, राहायला मारतहळ्ळीला, संशोधनाचं तिसरं वर्ष. तिरप्या ठेवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या फळीवरून ती पाण्याची बारीक धार सोडायची. धार सरळ उतरत नसे. वळणं घेई, मोडी, पुन्हा नवी घेई. वळणं घेणं हा पाण्याचाच स्वभाव, असं नीरजाचं म्हणणं. तसा निबंध तिने एका परिषदेला पाठवला होता, तो स्वीकारलाही गेला होता.

हंबीरराव फळीचा स्टँड घट्ट करायला गेले होते. मध्ये येणारी नळी सरकवायला हातात धरली, तर बोटांना नाडीसारखा ठोका लागला. फळीला पाणी पुरवणाऱ्या पंपाचा. त्यांनी हलणाऱ्या धारेकडे पाहिलं, पुन्हा नळी धरून पाहिली आणि ते वर्कशॉपमध्ये परतले.

तीन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी बायकोनं, विद्यानं, खोदून विचारलं.

"ती वळणं पाण्याची नसून पंपाची असावीत. पण त्या पोरीची दोन वर्षांची मेहनत आहे," ते म्हणाले. "मी बोललो तर ती फुकट जाते. आणि माझं चुकलं तर दहावी शिकलेला माणूस शहाणपणा शिकवायला गेला, असं होतं."

"आणि नाही बोललात तर?"

"तर परिषदेत कोणीतरी बोलेल. सगळ्यांदेखत."

"मग तुम्हीच सांगा की."

चौथ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. "नीरजा मॅडम, स्वल्प, जरा ही नळी धरून बघता?"

नीरजानं धरली. "पंप थोडा थरथरतोच, अण्णा. एक टक्कासुद्धा नसेल."

"मला टक्के कळत नाहीत. दुपारपर्यंत वेळ द्या."

त्यांनी एक टाकी उंचावर बसवली आणि तिच्या काठाजवळ भोक पाडलं. पंप टाकी भरत राहणार, जादा पाणी भोकातून परत जाणार, आतली पातळी हलणार नाही. धार आता पंपातून नव्हे, टाकीतून येणार होती.

दुपारी तोटी उघडली. धार सुरुवातीला थोडी चाचपडली, मग सरळ खाली उतरली. जागोजागी रुंद होत, पुन्हा आवळत, घातलेल्या वेणीसारखी ती फळीवर स्थिर राहिली. नीरजानं नळी पुन्हा पंपाला जोडली. मिनिटभरात वळणं आली. टाकीला जोडली; गेली. संध्याकाळपर्यंत तिनं हे सात वेळा केलं.

"दोन वर्षं मी पंपाचा अभ्यास केला," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

तिनं निबंध मागे घेतला. आठवडाभर ती विभागात फिरकली नाही. हंबीरराव दिवसातून चारदा तिच्या दारावरून जात, कुलूप बघत, परत येत. घरी विद्यापाशी एकदाच म्हणाले, "चुकलो बहुतेक."

सोमवारी नीरजाच वर्कशॉपमध्ये आली. डोळ्यांखाली काळं, हातात वही. "अण्णा, हा ठोका आपल्याला हवा तेवढा कमी-जास्त करता येईल? एवढीशी थरथर खाली जाताना एवढं मोठं वळण कसं होतं, तेच बघायचंय."

हंबीररावांनी लेथ बंद केला. "किती कमी पाहिजे?"

पुढच्या आठ महिन्यांत त्यांनी लहान-मोठे ठोके देणारी चार यंत्रं बनवली. तीन टाकून द्यावी लागली. नवा निबंध गेला तेव्हा नीरजाच्या नावाखाली त्यांचं नाव होतं. त्यांनी ते वाचलं, कागद खिशात घातला आणि विचारलं, "ते राहू दे, मॅडम. टाकी लावल्यावर वेणीचा प्रत्येक फुगवटा वरच्यापेक्षा लहान होत जातो. का?"

"फळीशी घासून जोर कमी होतो."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणत ते व्हर्नियर आणायला गेले. स्वतः मोजल्याशिवाय त्यांना पटणार नव्हतं.