विबेकेच्या आईचं विरजण

आई गेल्यावर तिचं घर रिकामं करायचं काम दोघा भावंडांनी एका शनिवारी उरकून टाकलं. आस्गरने, म्हणजे विबेकेच्या धाकट्या भावाने, भिंतीवरचं घड्याळ घेतलं, ओकचं कपाट घेतलं आणि वडिलांचे मासे पकडायचे गळ घेतले. विबेकेने एक बरणी घेतली. चिनी मातीची, तपकिरी, झाकणाचा टवका उडालेला. आत काळ्या पावाचं विरजण होतं. राय धान्याचं जाडसर पीठ आणि पाणी, आंबून फसफसलेलं, वर मिठाचा पांढरा थर. आईला ते तिच्या सासूने दिलं होतं. सासूला कोणी दिलं हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"अगं, ते कशाला नेतेस?" आस्गर म्हणाला. "दुकानात पाव मिळतो की. कापून मिळतो."

"माहीत आहे मला," विबेके म्हणाली.

गाडी तिचा नवरा हेन्निंग चालवत होता. बरणी तिच्या मांडीवर होती. दफनाच्या दिवशी रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. मग वाटलं, घर आवरताना येईल. तेव्हाही नाही. बरणी गार लागत होती आणि कोटाला पिठाचा डाग पडला होता, एवढं मात्र तिला कळत होतं. चर्चमध्ये पाळकाने सांगितलं होतं की देव प्रत्येकाला आपापल्या वेळी रडू देतो. विबेकेने ते ऐकून घेतलं होतं आणि मान हलवली होती.

ती ज्या कंपनीत कामाला होती ती गावाच्या टोकाला, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात. कंपनी लहानशी. एकच औषध बनवायची, आणि तेही अजून बाजारात आलं नव्हतं. काही पोरं अशी जन्मतात की त्यांच्या शरीरात एक जरुरीचा रस तयारच होत नाही. मग हळूहळू हात वळत नाहीत, पाय उचलत नाहीत. तो रस या कंपनीत पेशींकडून बनवून घेत. स्टीलच्या मोठ्या टाकीत कोमट, लालसर पाणी, त्यात कोट्यवधी पेशी, आणि त्यांना वेळेवर खाणं घालायचं, ऊब द्यायची, ढवळत ठेवायचं. विबेके हे काम कितीतरी वर्षं करत होती. पेशींच्या खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, दोन-दोन हातमोजे, तोंडावर पट्टी. डोळ्यांवरून माणूस ओळखायचा.

त्या खोलीच्या दाराबाहेर एक नियम लावलेला होता. ज्या दिवशी पेशींजवळ काम असेल त्या दिवशी घरी जिवंत यीस्टला हात लावायचा नाही. पाव भिजवायचा नाही, केकचं पीठ मळायचं नाही, घरची बिअर ढवळायची नाही. नव्या माणसांना हा नियम विबेकेच समजावून सांगायची. "पेशी फार सभ्य असतात," ती म्हणायची, "आणि यीस्ट म्हणजे एका रात्रीसाठी आलो म्हणून सांगून घर बळकावणारा पाहुणा." नवी पोरं हसायची. मग लक्षात ठेवायची.

आई होती तोवर या नियमाचा तिला कधी जाच झाला नाही. बरणी आईकडे असायची. शनिवारी दोघी मिळून पाव भाजायच्या, रविवारी चर्चला जायच्या, सोमवारी विबेके कामावर. आता बरणी तिच्याच ओट्यावर आली. खरं म्हणजे ते विरजण फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ-पाणी घातलं तरी पुरे. पण विबेके रोज सकाळी उठून झाकण काढायची, मूठभर पीठ घालायची, पाणी घालायची, बोटांनी कालवायची आणि झाकण लावायची. आपल्याकडे बायका उठून देवापुढे दिवा लावतात तसं. मग कोपरापर्यंत साबणाने हात धुवायची, कॉफी प्यायची आणि गाडी काढून कामावर जायची. आपण यीस्टला हात लावतो आहोत हे तिच्या मनात आलंच नाही. आईचं एक काम राहून गेलं होतं, ते ती करत होती.

तिसऱ्या आठवड्यात टाकी बिघडली.

प्रेबेनने पाहिलं. तो तिचा जोडीदार. तिथे प्रत्येक काम दोघांनी करायचं, एकाने हात लावायचा आणि दुसऱ्याने पाहायचं. निवृत्तीला आलेला, गोल पोटाचा, तोंडाने सैल.

"विबेके, इकडे ये. हे दुधासारखं का दिसतंय?"

तिने काचेतून पाहिलं. लालसर पाणी गढूळ झालं होतं. नमुना काढला. शेजारच्या खोलीत नळीचं बूच उघडलं आणि तोंडावरची पट्टी खाली केली तर वास आला. आंबट, गोडसर, भट्टीपाशी येतो तसा. तो वास येताच विबेकेला भूक लागली. दफनानंतर पहिल्यांदाच.

"यीस्ट," प्रेबेन म्हणाला. "गेली बॅच."

टाकी तशीच उकळवून मारायची आणि गटारात सोडायची, हा नियम. त्यांनी तेच केलं. त्या बॅचमधलं औषध चाचणीतल्या पोरांना जायचं होतं. ओडेन्स शहरातल्या एका मुलाच्या आईवडिलांना रुग्णालयातून फोन गेला की पुढचा डोस लांबला आहे, नक्की कधी ते कळवू. त्या मुलाचं नाव कंपनीत कोणालाच कळायचं नसे. त्याला एक क्रमांक होता. विबेकेला तो क्रमांक पाठ होता.

दुसऱ्या दिवशी उलाने सगळ्यांना बोलावलं. उला क्वालिटीची प्रमुख. उंच, शांत, कधी आवाज चढवत नसे. "कोणाकोणाच्या घरी पावाचं विरजण आहे?" तिने विचारलं.

मग एक हात वर आला, मग दुसरा, आणि मग जवळजवळ सगळेच.

"अरे देवा!" उला म्हणाली. "ही औषधाची कंपनी आहे की बेकरी?"

"महामारीत घरात बसवलंत तुम्ही लोकांनी," प्रेबेन म्हणाला. "माणसाने करायचं काय? माझ्या विरजणाचं नाव गुनार आहे. त्याला वकील मिळेल का?"

सगळे हसले. विबेकेनेही ओठ हलवले. ठरलं असं की सोमवारी प्रत्येकाने आपापल्या विरजणाचा नमुना डबीत आणायचा, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत टाकीतलं यीस्ट त्यांच्याशी ताडून पाहायचं.

सगळे गेल्यावर विबेके मागे थांबली.

"उला, ते माझंच असेल."

"कशावरून म्हणतेस?"

"मी रोज सकाळी त्याला पीठ घालते. कामावर यायच्या आधी."

उला तिच्याकडे वळली. "तू? अगं, नियम शिकवतेस तू."

"हो."

"मग?"

"आईचं आहे ते," विबेके म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते वाक्य दुसऱ्या कोणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं.

उलाने कॉफीचा थर्मास पुढे सरकवला. दोघींनी कॉफी घेतली.

अहवाल आला तो तसाच आला. टाकीतलं यीस्ट आणि बरणीतलं यीस्ट एकच होतं. कोणी विबेकेवर ओरडलं नाही. या धंद्यात शिक्षा करायची पद्धत नाही; शिक्षा केली की माणसं लपवायला लागतात, आणि लपवलेलं शेवटी एखाद्या पोराच्या रक्तात जातं. तीनच गोष्टी ठरवायच्या असतात : कशाने झालं, आता काय करायचं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय. पहिल्या दोन गोष्टी ठरल्या होत्या.

"तिसऱ्यासाठी दोन वाटा आहेत," उला म्हणाली. ती खिडकीबाहेर पाहत बोलत होती. "पेशींच्या खोलीत काम करणाऱ्याच्या घरात यापुढे विरजणच असायला नको. नाहीतर तू वर पॅकिंगला जा. पगार तोच राहील."

"आणि माझ्या जागी कोण?"

"नवीन कोणीतरी. त्याला शिकवायला सहा महिने. शरद ऋतूत सरकारी औषध खात्याचे लोक तपासणीला येतात, ते पाहतील की खोलीतलं मुख्य माणूसच नवं आहे. मग परवाना लांबेल. कोपनहेगनवाले, ज्यांनी पैसा घातलाय ना, त्यांचा आठवड्यातून दोनदा फोन येतोय. परवाना मिळाला तर मोठी कंपनी आपल्याला विकत घेईल. नाही मिळाला तर नाताळपर्यंत कुलूप." ती खिडकीपासून वळली. "मी तुला भरीस घालत नाहीये हं, विबेके."

"नाही, नाही."

गुनार त्याच आठवड्यात प्रेबेनच्या संडासात गेला. "राष्ट्रगीत म्हटलं मी," तो म्हणाला. बाकीच्यांनीही आपापली टाकली. त्यांची विरजणं दोन-चार वर्षांची होती.

विबेकेने आधी आस्गरला फोन केला.

"माझ्या घरी कोण पाव भाजणार, ताई? मी रात्रपाळीला असतो. टाकून दे. आई काही बोलणार नाही."

मग रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी तिने बायकांना विचारलं. बहुतेकींकडे आपलं होतं, काहींना नको होतं. पाळकाच्या बायकोने, डोर्थेने, मोठ्या प्रेमाने जॅमच्या बाटलीत थोडं नेलं. पुढच्या रविवारी ती विबेकेचा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं, गुलाबी बुरशी आली गं त्याला. मी काय चुकले कोण जाणे."

"काही नाही चुकलीस," विबेके म्हणाली. "असं होतं."

हेन्निंग घरी म्हणाला, "पॅकिंगला जा ना मग. बसून काम. गुडघे दुखतात तुझे."

ती विचार करायला बसली, पण विचार येईनात. टाकीचा घुर्र आवाज आठवला. ओडेन्सचा क्रमांक आठवला. आईचा चेहरा आठवून पाहिला तर आईचे कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात तेवढे दिसले.

शनिवारी तिने बरणीतलं सगळं विरजण परातीत ओतलं. राय, पाणी, मीठ, थोडं काळं माल्ट. पाव थापण्याआधी भिजवलेल्या पिठातलं कपभर काढून परत बरणीत घालायचं आणि वर मीठ भुरभुरायचं, ही रीत. ते पुढच्या खेपेचं विरजण. विबेकेने सगळं पीठ साच्यांत भरलं, साचे भट्टीत सरकवले, आणि मागे वळून पाहते तो हातात मीठ होतं. चिमूट केव्हा भरली तिला कळलं नव्हतं. बरणी रिकामी होती. तिने मीठ परत डब्यात टाकलं, आणि बरणी उकळत्या पाण्याने धुतली.

भाजलेल्या पावातलं यीस्ट मेलेलं असतं, त्यामुळे तो कामावर नेता येतो. शुक्रवारी सकाळी सगळे एकत्र न्याहारी करत. तेव्हा तिने तो नेला. प्रेबेनने जाड काप घेतला, वर यकृताचं वाटण फासलं, काकडीचं लोणचं ठेवलं आणि मोठा घास घेतला.

"बाप रे!" तो म्हणाला. "तुझ्या आईला सांग की..." आणि मग त्याला आठवलं.

"सांगते," विबेके म्हणाली.

टाकी ज्याने बिघडली ते यीस्ट फेकून द्यायचं नाही, असाही एक नियम आहे. औषध बनत राहील तोवर त्याचा नमुना गोठवून ठेवायचा. उद्या पुन्हा काही झालं तर ताडून पाहता यावं म्हणून. उलाने त्याच्या चार नळ्या करवून घेतल्या होत्या. त्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं काम पेशींच्या खोलीतल्या माणसाचं, म्हणजे विबेकेचं. पाहायला प्रेबेन. तिने जाड निळे हातमोजे घातले, दार उघडलं, पांढरी वाफ पायांवर उतरली.

"म्हणजे तुझी आईसुद्धा इथेच लागली नोकरीला," प्रेबेन म्हणाला. "पगार नाही, सुट्टी नाही. आणि निवृत्ती तर मुळीच नाही."

"डबा सरळ धर," ती म्हणाली.

त्या नळ्या पुन्हा तिला मागता येणार नव्हत्या. त्या आता औषधाच्या होत्या. ती रोज त्या फ्रीजरचं तापमान पाहायची, कारण सगळ्याच फ्रीजरांचं पाहायचं असे.

शरदात औषध खात्याचे दोघे आले. एक तरुण बाई आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ, दोघे मोजून बोलणारे. त्यांनी टाक्या पाहिल्या, पाणी पाहिलं, हवा पाहिली. मग फ्रीजरपाशी थांबले.

"हे उघडा," गृहस्थ म्हणाले.

विबेकेने उघडलं. ते वाकून आत पाहू लागले. उला मागे हाताची घडी घालून उभी होती.

"या लाल खुणेच्या डब्यात काय आहे?"

"वसंतात टाकीत शिरलं होतं ते यीस्ट."

"आलं कुठून?"

"एका कर्मचाऱ्याच्या घरून. पावाच्या विरजणातून."

"ते घरचं विरजण अजून आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की," विबेके म्हणाली. "बरणी धुतली."

गृहस्थांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतून तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि त्यांत त्यांना काही विचारण्यासारखं दिसलं नसावं. त्यांनी सोबतच्या बाईला मान हलवून खूण केली.

"ठीक आहे. पुढे चला."

ते पुढच्या खोलीकडे निघाले. उला जाता जाता विबेकेच्या दंडाला हात लावून गेली. फ्रीजर बारीक आवाजात कुरकुरू लागला. दार जास्त वेळ उघडं राहिलं की तो तसं करतो. विबेकेने डबा थोडा आत सारला, दार लावलं, आणि रबराची कड नीट बसली का ते तळव्याने दाबून पाहिलं. बसली होती.