गाळणीसरांच्या बाटलीवरची रेघ

गाळणीसर हसले की समजावं, कुणाची तरी खरडपट्टी निघणार. नव्वदच्या दशकात श्रीरामपूरच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, आणि खरं सांगते, माझा त्यांच्यावर दात होता.

काम असं: प्लास्टिकसारखं एक रसायन विरघळवायचं, त्याचे थेंब काचेवर टाकून काच मिक्सरच्या मोटरवर गरागरा फिरवायची. पातळ थर बसतो. त्याला वीज दिली की थरानं स्वतः उजेड द्यायचा. परदेशात देत होता, आमच्याकडे ढिम्म! धुळीचा कण गेला की काच वाया, म्हणून सर प्रत्येक द्रावण तीन-तीनदा गाळायचे; त्यावरूनच नाव पडलं गाळणीसर. माझा गजरा बंद, पावडर बंद. "तुझ्या पावडरीनं उजेड न्हाई पडायचा, बाई," हेही सगळ्यांसमोर.

दुसरी खोड पेन्सिलीची. बाटली बंद करताना द्रावण कुठवर आहे तिथं लेबलवर बारीक रेघ मारायची. चहाच्या साखरेच्या बरणीवरसुद्धा! कंजूष मेला, असं मी मनात म्हणायची.

एकदा माझं द्रावण संपलं आणि दुसऱ्या दिवशी काचा वीज जोडायला लागणाऱ्या अॅल्युमिनियमच्या मुलाम्यासाठी पुण्याला न्यायच्या होत्या. सर दुपारच्या तासावर होते. मी त्यांच्या बाटलीतलं काढलं. पुण्याहून आल्यावर वीज दिली, तर हिरवट ठिपका उजळला! वहीत मी लिहिलं, 'द्रावण माझं.'

सर ठिपका विझेपर्यंत वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "झकास हाय. आता दुसरी काच दाखव. मग प्रबंधात घालू."

माझ्या द्रावणाची दुसरी वर्षभर उजळेना. रोज सकाळी त्यांचं तेच, "दुसरी?" शेवटी मी तोंडावर म्हणाले, "तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही!" ते गाळत राहिले. मीही चिडून पाच-पाच वेळा गाळायला लागले, आणि एक काच उजळली. "आता लिही," एवढंच म्हणाले. शाबासकीचं नाव नाही.

ते निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना ती बाटली सापडली. लेबलवर त्यांची रेघ, तिच्याखाली दुसरी, आणि मध्ये पेन्सिलीनं माझं नाव, त्या दुपारची तारीख.

तडक सोनईला त्यांच्या घरी गेले. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो हुतो. रोज इचारत हुतो की."

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. तिथंच, त्यांच्या ओट्यावर बसून मी ढसाढसा रडले.