डाव्या सीटवरच्या ब्रेकमॅडम

गावात त्यांना ब्रेकमॅडम म्हणायचे. एकोणीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर आणि मॅडम डावीकडे, पायाशी जादा बसवलेल्या क्लच-ब्रेकवर पाय ठेवून. समोर कुत्रं येवो की ट्रक, शिकणाऱ्याची बोबडी वळायच्या आत मॅडमचा पाय दाबलेला असायचा. बँकेतल्या बायका, दोन डॉक्टर, शाळेचा निम्मा स्टाफ, सगळ्यांना त्यांनी मार्गाला लावलं होतं.

यजमान तीन वर्षं परदेशात लेथवर काम करत होते. तिथे त्यांची साखर डोळ्यांत उतरली आणि सरकारने लायसन्स काढून घेतलं. दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. फोनवर ते रडकुंडीला आले तेव्हा मॅडम हसल्या होत्या. "अहो, मी आहे ना! गाडी चालवणं हा काय माझ्यापुढे प्रश्न आहे?" स्कूलला कुलूप घालून त्या निघाल्या.

इथे स्टिअरिंग डावीकडे होतं, गाड्या उजवीकडून पळत होत्या. घरचं, भारतातलं लायसन्स सहा महिने चालणार होतं, तेवढ्या काळात इथली परीक्षा पास व्हायची. महिनाभरात सवय होईल, असं मॅडमना वाटलं होतं. पण पाचवा महिना संपला तरी त्या दर चौकात विनाकारण थांबत होत्या. मागून हॉर्न वाजायचे, काचा खाली करून लोक काहीबाही बोलायचे. दोनदा परीक्षेत नापास झाल्या. आपण शिकवायचो हे त्यांनी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या खेपेला परीक्षक बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"मघाशी का थांबलात?"

"सायकल आली होती."

"ती पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. मागची गाडी आपल्यावर आदळता आदळता वाचली. आणि डावा हात तुम्ही मांडीवर का ठेवता?"

मॅडमनी खाली पाहिलं. हात खरंच मांडीवर होता. त्या तिसऱ्यांदा नापास झाल्या.

घरच्या लायसन्सच्या शेवटच्या दिवशी इंजेक्शनची तारीख होती. हायवेवर मॅडम घामाघूम झाल्या होत्या. शेजारून एक टँकर गेला आणि त्यांचा पाय ब्रेकवर कचकन बसला. मागून ट्रकचा भोंगा अंगावर आला, ट्रक हातभर अंतरावरून निसटला. कशीबशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"काय झालं गं? मला नीट दिसलं नाही," यजमान म्हणाले.

"मी थांबवली. उगाचच." त्या हुंदके देत बोलत होत्या. "अहो, मला डावीकडे बसलं की वाटतं, गाडी दुसरंच कुणीतरी चालवतंय. माझं काम फक्त थांबवायचं. एकोणीस वर्षं या बाजूला बसून माझ्या पायाला ब्रेकशिवाय काही माहीतच नाही हो!"

यजमानांनी चाचपडत मॅडमचा खांदा धरला. "या गाडीत मी आहे आणि तू आहेस. मला समोरची पाटी दिसत नाही. दुसरं कोण चालवणार?"

ते रागाने म्हणाले नव्हते, पण मॅडमना ते फार लागलं. त्यांनी डावा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. एकेक ट्रक पुढे जाऊ देत त्या मोकळी जागा शोधत राहिल्या. गाडी पुन्हा रस्त्यावर यायलाच वीस मिनिटं गेली.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा वेळ टळून गेली होती. खिडकीतल्या नर्सने मान हलवली. "पुढची तारीख तीन आठवड्यांनी." मॅडमनी हात जोडले, भांडून पाहिलं, दुसऱ्या खिडकीवरही गेल्या. काही उपयोग झाला नाही. जिवावर उदार होऊन मॅडमनी गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून ती नुसती दारात उभी राहिली.

तीन आठवड्यांनी दोघं दोन बस बदलून आणि उरलेला रस्ता तुडवून गेले. यजमान मॅडमच्या दंडाला धरून चालत होते. "फुटपाथ संपला की सांग," असं दर वळणावर म्हणत होते. मधल्या काळात एका डोळ्यापुढे कायमचं धुकं आलं होतं.

चौथ्या परीक्षेच्या आधी मॅडम रोज दुपारी बंद गाडीत जाऊन बसायच्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मोठ्याने बोलायच्या, "पाय उचला मॅडम. गाडी तुम्ही चालवताय." शेजारीण एकदा काचेवर टकटक करून, बरं वाटत नाहीये का, म्हणून विचारून गेली. परीक्षेत त्या एकदाच नको तिथे थांबल्या. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पास केलं. मॅडमना आनंद झालाच नाही. घरी येऊन त्या चपला न काढता पलंगावर बसून राहिल्या.

पुढच्या इंजेक्शनला त्यांनी यजमानांना स्वतः नेलं, वेळेच्या पाऊण तास आधी. डॉक्टर म्हणाले, "एक डोळा गेल्यात जमा आहे. दुसरा सांभाळू. पण आता एकही तारीख चुकवायची नाही."

मॅडमनी वर्षभराच्या तारखा मागून घेतल्या.