किम-सेंगचे सोन्याचे कान

किम-सेंगचे कान सोन्याचे आहेत असं मलेशियातल्या बुकित मर्ताजाम गावात सगळे म्हणत. ही कीर्ती मुळात कुणी पसरवली याचा माग काढत गेलं, तर माणूस थेट किम-सेंगच्याच दुकानात पोचला असता. पण एवढी उठाठेव करतो कोण? गाडीत चांगले स्पीकर बसवायचे तर किम-सेंगकडेच जायचं, हे गावात ठरून गेलेलं होतं. नवी गाडी शोरूममधून निघाली की बंपरवर शकुनाचं म्हणून बांधलेलं लाल फडकं सोडायच्याही आधी त्याच्या दारात येई. तो दारांची आतली पॅनेलं उचकटून काढी, कंपनीचे स्पीकर कोपऱ्यातल्या पिंपात फेकी आणि आपले बसवी.

काम झालं की बैठक. गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. किम-सेंग ड्रायव्हरच्या जागी बसणार, शेजारी त्याची बायको गेक-लान मांडीवर पर्स घेऊन. काचा वर. मग एका बाईचं संथ गाणं लागे. ते संपता संपता मागे कुठेतरी एक बारीक घंटी वाजते, तांदळाचा दाणा ताटात पडावा इतकी बारीक. ती वाजली की किम-सेंग डोळे मिटल्या मिटल्या एक बोट वर करी. काचेबाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक विरघळून जाई.

वस्तुस्थिती अशी होती की किम-सेंगला ती घंटी ऐकू येत नव्हती. तरुणपणी तो मोठ्या आवाजाच्या स्पर्धांत उतरायचा. बंद व्हॅनमध्ये पाठीमागे कपाटाएवढे वूफर, आणि हा आत बसून दात विचकत हसतोय, असे त्याचे फोटो दुकानात टांगलेले होते. खाली बक्षिसांचे चषक. त्या चषकांच्या बदल्यात त्याने काय दिलं ते पुढे हळूहळू कळत गेलं. आधी पाली चुकचुकायच्या थांबल्या, मग डास गुणगुणेनासे झाले, मग झांजा गेल्या आणि शेवटी ती घंटी. गाणं पाठ असल्यामुळे बोट मात्र अचूक वेळेवर वर जाई.

हे फक्त गेक-लानला माहीत होतं, कारण किम-सेंगचे कान तीच होती. बैठकीत ती पर्सवर हात ठेवून बसे. करंगळी वाकली तर बारीक आवाज जास्त टोचतोय. अंगठा उचलला तर कमी पडतोय. मूठ आवळली तर कुठेतरी तार सुटलीय, गाणं थांबव. तळहात उघडा, पालथा, स्वस्थ ठेवला तर सगळं ठीक. किम-सेंग मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून तो हात बघे आणि बटणं फिरवी. नवराबायकोमध्ये एवढा मेळ क्वचित दिसतो.

आता एखाद्याने अशा बायकोला तळहातावरच्या फोडासारखं जपलं असतं. किम-सेंगने काय केलं, तर तिची टर उडवली. चारचौघांत तिने गाण्याबद्दल एखादा शब्द काढला, की हा म्हणे, "हिचे कान कुड्या अडकवायला दिलेत देवाने. दुसरं काय जमतं त्यांना?" लोक हसत. ती पण हसे. भीतीनेच तो असं करत असणार. तिचं कौतुक केलं तर कुणाला संशय येईल, असं त्याला वाटत असावं. पण भित्र्या माणसाची थट्टाही झोंबायची तेवढी झोंबतेच.

एका वर्षी गेक-लान ताइपिंगला बहिणीच्या आजारपणात महिनाभर राहिली. तेवढ्यात शेजारच्या टायरच्या दुकानाचा मालक बून-तेक नवी गाडी घेऊन आला. तो किम-सेंगचा शाळेपासूनचा दोस्त. किम-सेंगने एकट्याने बैठक केली आणि बारीक आवाज आपल्याला थोडा तरी ऐकू यावा म्हणून बटण फिरवत, फिरवत, फिरवत नेलं. त्या गाडीत बसलं की सुई टोचल्यासारखं होई. बून-तेकची बायको आठवड्याने डोकं धरून दुकानात आली, तर किम-सेंग सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, जन्मभर कढईचा खणखणाट ऐकलेल्या कानांना खरं संगीत टोचणारच." बून-तेकने ती गाडी तशीच टोचत टोचत नऊ वर्षं चालवली.

मधल्या काळात धंदा बसत चालला. कंपन्यांनी स्वतःच गाडीत चांगले स्पीकर द्यायला सुरुवात केली. शिवाय डॅशबोर्डवरचा पडदा, एसी, पट्टा लावा म्हणून वाजणारी टिंगटिंग, सगळं एकमेकांत असं गुंतवून टाकलं की एक उचकटलं तर दुसरं मुकं व्हावं. लोक दारात गाडी थांबवत, विचारत, आणि वॉरंटी जाईल म्हणून निघून जात. तेवढ्यात बून-तेकने नवी गाडी घ्यायचं काढलं. कंपनीच्या बारा स्पीकरवालं वरचं मॉडेल घ्यायचं, की साधं मॉडेल घेऊन किम-सेंगकडून काम करून घ्यायचं, यावर लिम काकांच्या कोपीशॉपमध्ये रोज सकाळी काथ्याकूट होऊ लागला. ऐकणाऱ्यांत चौघेपाच जण असे होते की त्यांनाही गाड्या बदलायच्या होत्या. भिंतीला भिंत लागून असलेला दोस्तच कंपनीच्या स्पीकरकडे गेला, तर आपल्याकडे कोण येणार, हे किम-सेंगला कळत होतं. दुकानाचं शटर त्या एका गाडीवर टांगलेलं होतं.

"वाद कशाला घालता?" बून-तेक एक दिवस कॉफी ढवळत म्हणाला. "रविवारी दोन्ही गाड्या इथे लावू. शोरूमवाली पोरगी वरचं मॉडेल घेऊन येईल, तू तुझी गाडी आण. तूच ऐक आणि तूच सांग. सोन्याचे कान आहेत ना? तू म्हणशील ते मी घेतो."

"हसं होईल त्या पोरीचं," किम-सेंग म्हणाला. त्याला वाटलं, दोस्त आपल्याला वाचवतोय.

रविवारी कोपीशॉपसमोर ही गर्दी. शोरूमची पै-शान चकचकीत पांढरी गाडी घेऊन आली होती. किम-सेंगने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेक-लानने जेडच्या कुड्या घातल्या होत्या, आणि हातात ती मांडीवर घ्यायची पर्स होती. आधी न्याहारी झाली. किम-सेंगने आपल्या गाडीची किल्ली बून-तेककडे टाकली. "सावलीत लाव रे. उन्हात तापली तर रबर ढिलं पडतं, मग म्हणाल आवाज बसला."

बून-तेक किल्ली घेऊन गेला. यायला त्याला अंमळ वेळच लागला, पण किम-सेंग तोवर वूफरच्या गोष्टी सांगण्यात रंगला होता.

पहिली बैठक पै-शानच्या गाडीत. गाणं लागलं. किम-सेंगने पापण्या मिटल्या आणि फटीतून बायकोच्या हाताकडे पाहिलं. तो करंगळीची वाट बघत होता. अंगठ्याची बघत होता. हात पालथा, उघडा, स्वस्थ पडून राहिला. गाणं संपत आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तर किंचित हसू होतं. कंपनीचा आवाज चांगला होता. खरंच चांगला होता.

तो दार उघडून बाहेर आला आणि त्याने नाक मुरडलं. "डबा आहे. पत्र्याच्या डब्यात मुंग्या भरून हलवल्यासारखा आवाज. वर मोठ्या कंपनीचं नाव चिकटवलं की झालं."

"अंकल, पण मुंग्या म्हणजे नक्की कुठे?" पै-शानने विचारलं. पोरगी धीट होती. "आंटींना तर आवडलं वाटतं. हसत होत्या."

सगळ्यांनी गेक-लानकडे पाहिलं. तिने पर्सची कडी चाचपली. "मला बरा वाटला," ती हळूच म्हणाली. "घंटी अगदी स्वच्छ आली."

आता इथे किम-सेंगने गप्प बसायला हवं होतं. पण तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याला एकच गोष्ट सुचत असे.

"हिला आवडलं ना? मग संपलंच," तो मोठ्याने म्हणाला. "हिला पसंत पडली म्हणजे वस्तू टाकाऊ असणार, नक्की समजा. कानांत जेड घातलंय, कानांच्या मागे सगळा भुसा. तीस वर्षं शेजारी बसवतोय, म्हैस बसवली असती तर एव्हाना सूर ओळखायला लागली असती."

कोपीशॉप हसलं. लिम काका हातातला पेला खाली ठेवून हसले. गेक-लान या वेळी हसली नाही, पण तिकडे बघायची कुणाला सवय नव्हती.

"चल, आता खरं संगीत ऐकव," बून-तेक म्हणाला.

किम-सेंगची गाडी सावलीत उभी होती. दोघं बसले, काचा वर गेल्या. तेच गाणं. पहिला स्वर आला त्याच क्षणी गेक-लानला कळलं असणार. गाणाऱ्या बाईच्या तोंडावर कुणी गोधडी टाकावी तसा तो आवाज. बारीक स्पीकर, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना बसवलेले ते दोन ट्वीटर, मुळी वाजतच नव्हते. नुसता घुमारा. म्हशीलासुद्धा कळलं असतं.

किम-सेंगला काहीच कळलं नाही. त्याच्यासाठी जग असंच वाजत होतं. त्याने फटीतून पाहिलं. एक मूठ आवळली असती तर तो ताठ झाला असता, गाणं थांबवलं असतं, तार सुटलीय म्हणून चार शिव्या हासडल्या असत्या आणि त्याचे कान आणखी दहा वर्षं सोन्याचे राहिले असते.

गेक-लानने हात उचलला. क्षणभर तो अधांतरीच राहिला. मग तिने तो पर्सवर ठेवला. पालथा, उघडा, स्वस्थ.

किम-सेंगच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तो मान डोलावू लागला. बाहेरच्यांना दिसावं म्हणून जरा जास्तच डोलावू लागला. गाणं संपत आलं आणि त्याने नेमक्या वेळी बोट वर केलं.

तो उतरला तेव्हा सगळे शांत होते. ती शांतता त्याला आदराची वाटली.

"बघितलंत? याला म्हणतात घंटी," तो म्हणाला. "एकेक कण वेगळा. हे बारीक काम कंपनीच्या बापाला जमणार नाही."

"घंटी ऐकलीस तू?" बून-तेकने विचारलं.

"ऐकली म्हणजे? कानात येऊन वाजली."

बून-तेकने शर्टाच्या खिशात हात घातला आणि दोन ट्वीटर काढून किम-सेंगच्या कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवले. बटणाएवढे दोन, तारा लोंबत असलेले. "हे माझ्या खिशात होते," तो म्हणाला. "माझ्या बायकोचे कान कढईने गेले म्हणालास ना? ती घरी बसलीय. तिला मी सांगेन आज काय झालं ते."

आधी पै-शान हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. मग सगळेच हसले. लिम काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी आपलं बोट वर करून दाखवलं, मग दुसऱ्याने, मग टेबलाटेबलांवर बोटं वर होऊ लागली. टाकून बोलणं किम-सेंगने जन्मभर केलं. ते ऐकून घेणं त्या दिवशी पहिल्यांदाच वाट्याला आलं. वाईट वाटावं असंच ते दृश्य होतं, आणि तिथे कुणालाही वाईट वाटलं नाही.

किम-सेंग वळला. गेक-लान अजून गाडीतच होती. पर्सवर हात तसाच होता.

बून-तेकने त्याच दुपारी वरच्या मॉडेलवर सही केली. घरी जाताना ते दोन ट्वीटर किम-सेंगच्या खिशात होते. देवळाजवळच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "तुला कळलं होतं ना?"

गेक-लान खिडकीबाहेर बघत काहीतरी म्हणाली. दोनतीन वाक्यं असतील. ओठ हलताना त्याला काचेत दिसले, आवाजाची गुणगुण आली, शब्द एकही पोचला नाही.

"काय म्हणालीस?"

ती बाहेरच बघत राहिली.

"गेक-लान, काय म्हणालीस? इकडे बघून सांग."

ती वळली. नवऱ्याचा चेहरा तिने नीट पाहिला, आणि मग पर्सवर तळहात ठेवला. उघडा, पालथा, स्वस्थ.